शिकारी आणि शेतकरी : पायऱ्या की शेजारी?

माणूस आधी शिकारी होता, मग पशुपालक झाला आणि शेवटी शेतकरी, असा जिना आपण फळ्यावर काढतो. शिकार आधी आणि शेती नंतर, एवढाच क्रम ढोबळमानाने बरोबर आहे. पण शेतकरी आला आणि शिकारी संपला, हा त्यातून निघणारा अर्थ चुकीचा आहे.

ग्रेगरी पोसेल आणि केनेथ केनेडी यांनी १९७९ साली लिहिलेला लेख या समजाला भारतीय पुराव्यानेच छेद देतो. गुजरातेतील लांघणज हे शिकार करून जगणाऱ्यांचे ठिकाण. तेथे दगडी सूक्ष्मास्त्रांबरोबर तांब्याची सुरी मिळाली. ती आली कोठून? लोथलसारख्या हडप्पा संस्कृतीच्या वसाहतींशी शिकाऱ्यांची देवाणघेवाण होती, असे लेखकांचे उत्तर आहे. राजस्थानात बागोर येथे वि. ना. मिश्र यांना मिळालेली बाणांची तांब्याची टोकेही असेच नाते सुचवतात.

ही मांडणी पटते. मात्र सुरी कोणत्या अटींवर मिळाली, हे सुरी सांगत नाही. तांबे मातीत टिकते. मोबदल्यात दिलेला मध, मांस, कातडी टिकत नाहीत. त्यामुळे शेतकरी देणारा आणि शिकारी घेणारा, असे एकांगी चित्र तयार होते. हा दोष त्या माणसांचा नव्हे, पुराव्याचा आहे. देवाणघेवाण सिद्ध झाली म्हणजे बरोबरी किंवा ताबेदारी सिद्ध झाली, असे मानता येत नाही.

घोड नदीकाठच्या इनामगावचा दाखला आणखी बोलका आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे उत्खनन केले. वस्तीच्या शेवटच्या काळात, म्हणजे इ. स. पू. १००० ते ७०० या दरम्यान, शेती घटली आणि शिकार व पशुपालनावर भिस्त वाढली, असे उत्खननकर्त्यांनी मांडले. याला आपण चटकन ‘ऱ्हास’ म्हणतो. पाऊस दगा देत असताना हरणामागे जाणे हे शहाणपणही असू शकते.

हा वाद केवळ तज्ज्ञांचा नाही. बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावसारख्या गावात शिकवणाऱ्याच्या वर्गात पारध्याचे मूलही असू शकते. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर मारलेला ‘गुन्हेगार’ हा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. फळ्यावरचा जिना मात्र त्या मुलाला रोज सांगतो, की तुझे पूर्वज खालच्या पायरीवरच राहिले. त्याऐवजी दोन वस्त्या शेजारी शेजारी काढाव्यात, मध्ये दोन्ही दिशांचे बाण दाखवावेत आणि विचारावे : कोणी काय दिले, त्यातले मातीत काय उरेल?