मायक्रोफिल्म आणि मूळ कागद : ‘डबल फोल्ड’मधील युक्तिवादाचा पुनर्विचार

प्रस्तावना :
अमेरिकन लेखक निकोल्सन बेकर यांचा ‘डबल फोल्ड’ हा ग्रंथ 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या वृत्तपत्रांची मायक्रोफिल्म काढून मूळ अंक निकालात काढणाऱ्या ग्रंथालयांवर त्यात कठोर टीका आहे. ही टीका व्यापारी अभिलेखांना कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
ग्रंथाचे शीर्षक एका चाचणीवरून आले आहे. पानाचा कोपरा मागेपुढे दुमडायचा आणि तो किती वेळा दुमडल्यावर तुटतो यावरून कागदाचा ठिसूळपणा ठरवायचा, अशी ती चाचणी. वाचक मात्र पान दुमडत नाही, उलटतो. हा बेकर यांचा आक्षेप बिनतोड आहे. वृत्तपत्रांतील रंगीत चित्रे कृष्णधवल फिल्मवर नष्ट होतात, हेही खरेच.

तथापि मायक्रोफिल्मचा व्यावसायिक वापर रुजला तो बँकेत. न्यूयॉर्कमधील बँक अधिकारी जॉर्ज मॅकार्थी यांनी 1920 च्या दशकात धनादेशांची छायाचित्रे घेणारे यंत्र तयार केले. 1928 पासून ईस्टमन कोडॅकने ते ‘रेकॉर्डॅक’ या नावाने बाजारात आणले. अमेरिकेत वटलेले धनादेश ग्राहकाकडे परत जात. बँकेजवळ पुरावा उरावा, ही त्यामागील गरज होती. धनादेशावर रक्कम, तारीख व सही वाचता आली की कार्यभाग साधतो. म्हणून वृत्तपत्राचे माप धनादेशाला लावता येत नाही. रिचर्ड कॉक्स यांनी ‘व्हॅण्डल्स इन द स्टॅक्स?’ (2002) या ग्रंथात, सर्वच मूळ कागद राखणे अशक्य असल्याने निवड अटळ आहे, असे उत्तर बेकर यांना दिले. ते येथे पटते.

परंतु एका बाबतीत बेकर यांचा इशारा व्यापारी अभिलेखांना अधिकच लागू होतो. वृत्तपत्राचा दुसरा अंक अन्यत्र मिळू शकतो. खातेवही एकच असते. अमेरिकेच्या 1951 च्या संघीय कायद्याने नित्य व्यवहारात काढलेली छायाप्रत, मूळ कागद नष्ट झाला असला तरी, पुराव्यात ग्राह्य ठरवली. भारतातही 2002 च्या दुरुस्तीने बँकेच्या हिशेबवह्यांच्या कायदेशीर व्याख्येत मायक्रोफिल्मचा समावेश झाला. कायद्याने प्रतीला मान दिला, पण सुटलेले पान वा अंधुक चौकट त्यामुळे परत येत नाही. शिवाय सूची नसेल तर एका नोंदीसाठी संपूर्ण रीळ फिरवावे लागते. असा अभिलेख सुरक्षित असूनही हरवलेलाच असतो.

निष्कर्ष :
दोष मायक्रोफिल्मचा नसून प्रत तपासण्यापूर्वी मूळ कागद नष्ट करण्याच्या घाईचा आहे. प्रत्येक चौकटीची तपासणी, विश्वसनीय सूची आणि मूळ फिल्मची स्वतंत्र जागी साठवण या तीन अटी पूर्ण झाल्याशिवाय कागद रद्दीत देऊ नये. आज महाविद्यालयांच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन होत असताना साधन बदलले आहे. अटी त्याच आहेत.