छापील पानाकडून पडद्याकडे : म्यूरिएल कूपर ह्यांचें कार्य

छापखान्यासाठीं पुस्तकें, जाहिराती व भित्तिपत्रकें सजविणारे कितीतरी मांडणीकार गेल्या तीसएक वर्षांत संकेतस्थळांच्या कामाकडे वळले आहेत. हें स्थित्यंतर केवळ हत्यारांचें आहे, शाई-कागद सोडून संगणक हातीं घेतला कीं झालें, अशी पुष्कळांची समजूत दिसते. आम्हांस ती बरोबर वाटत नाहीं. छापलेलें पान एकदां यंत्रांतून बाहेर पडलें कीं सर्वांना सारखेंच दिसतें. त्यावर मांडणीकाराचा शब्द अखेरचा असतो. पडद्यावरील पान मात्र ज्याच्या त्याच्या यंत्राप्रमाणें, दृष्टीप्रमाणें व इच्छेप्रमाणें बदलतें. तेव्हां खरा बदल हत्यारांचा नसून अधिकाराचा आहे. हा बदल ज्यांच्या एकाच आयुष्यक्रमांत स्पष्ट उमटलेला दिसतो, त्या अमेरिकन मांडणीकार म्यूरिएल कूपर (१९२५-१९९४) ह्यांच्या कार्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

कूपरबाई १९५२ सालीं एम. आय. टी. ह्या विख्यात शिक्षणसंस्थेच्या प्रकाशन-कार्यालयांत रुजू झाल्या. मध्यंतरीं कांहीं वर्षें स्वतंत्र व्यवसाय करून १९६७ सालीं त्यांनीं एम. आय. टी. प्रेसच्या मांडणीची सूत्रें हातीं घेतलीं. त्या संस्थेचें सात उभ्या पट्ट्यांचें बोधचिन्ह त्यांचेंच. संस्थेच्या नांवाचीं चार रोमन आद्याक्षरें त्यांत नुसत्या दांड्यांपर्यंत आटविलीं आहेत, आणि फळीवर ओळीनें लावलेलीं पुस्तकेंही त्यांत दिसतात. 'बाउहाउस' ह्या जर्मन कलाशाळेवरील हान्स विंग्लर ह्यांचा ग्रंथ १९६९ सालीं इंग्रजींत निघाला. साडेसहाशेंच्या वर पानांचा हा अवजड संग्रह त्यांनीं कमालीच्या शिस्तीनें मांडला. पण तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. त्याच ग्रंथाचीं पानें भराभर सरकत जाणारा एक छोटा चित्रपट त्यांनीं केला. पान स्थिर राहतें, हीच गोष्ट त्यांना जणू अडचणीची वाटूं लागली होती.

१९७२ सालच्या 'लर्निंग फ्रॉम लास व्हेगास' ह्या ग्रंथाचें प्रकरण अधिक बोधप्रद आहे. रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राऊन व स्टीव्हन आयझेनूर ह्या लेखकत्रयीचा पक्ष असा कीं, रस्त्याकडेची, पाट्यादिव्यांची सामान्य वास्तुकला तुच्छ मानूं नये. वास्तुशिल्पज्ञांनीं तिच्यापासून शिकावें. ह्या प्रतिपादनाला पोशाख मिळाला तो मात्र भल्या मोठ्या आकाराचा, सढळ कोऱ्या जागेचा, शुद्ध आधुनिक वळणाचा! लेखकांना तो रुचला नाहीं, आणि १९७७ सालीं लहान आकाराची, साधी व स्वस्त आवृत्ति काढण्यांत आली. पहिली आवृत्ति आज संग्राहकांना मोलाची वाटते. तरीही ह्या वादांत लेखकांची बाजू न्याय्य होती, असें आमचें मत आहे. ग्रंथ एक सांगतो आणि त्याचा पोशाख दुसरेंच सांगतो, ही विसंगति सौंदर्यानें झांकली जात नाहीं.

ह्यापुढील वळण म्हणूनच महत्त्वाचें आहे. १९६७ सालीं निकोलस निग्रोपाँटे ह्यांच्या संगणकवर्गास कूपरबाई बसल्या होत्या, पण तेथील विद्या त्यांना उमगली नाहीं. पुढेंही प्रोग्राम लिहिण्यांत त्या निष्णात झाल्या नाहींत. तरी संगणकाचा नाद त्यांनीं सोडला नाहीं. १९७५ च्या सुमारास रॉन मॅकनील ह्यांच्यासह त्यांनीं 'व्हिजिबल लँग्वेज वर्कशॉप' ही कार्यशाळा काढली. तेथें विद्यार्थी ऑफसेट यंत्र स्वतः चालवीत. रचणें, प्लेट करणें, छापणें हीं कामें एकाच हातांत येत. ही कार्यशाळा १९८५ सालीं मीडिया लॅबमध्यें सामील झाली. फेब्रुवारी १९९४ मध्यें कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें भरलेल्या 'टेड' परिषदेंत त्यांनीं तेथील काम लोकांपुढें ठेवलें. त्यांत मजकूर सपाट पानावर न राहतां अवकाशांत तरंगतो. पाहणारा त्यांत शिरतो, जवळचीं अक्षरें मोठीं होतात, दूरचीं विरतात. पुढें तीनच महिन्यांनीं त्यांचा अंत झाला.

ह्या प्रयोगानें दिपून जाणें मात्र बरें नव्हे. टिम बर्नर्स-ली ह्यांचें वेब १९९१ सालीं जगापुढें आलें तें सपाट, वरून खालीं सरकणारें, दुव्यांनीं जोडलेलें. आणि बहुतांशीं तें तसेंच राहिलें. ह्यांत आश्चर्य नाहीं. आंकड्यांना व नकाशांना तिसऱ्या मितीचा उपयोग होईल. दीर्घ निबंध वाचावयास डोळ्याला स्थिर ओळच लागते. पण त्या प्रयोगांतील एक विचार टिकाऊ आहे. तेथें मांडणीकार चित्र पुरें करून देत नाहीं. वाचणारा कोठें उभा राहील तें वाचणाराच ठरवितो, आणि मांडणीकार त्याच्या हालचालीची सोय लावतो. युझर एक्स्पीरियन्स ह्या नांवानें आज जो व्यवसाय चालतो, त्याचें मर्म हेंच.

वेबवर आलेल्या पहिल्या पिढीस हें पटावयास वेळ लागला. छापील पान जसेंच्या तसें पडद्यावर उतरावें म्हणून अनेकांनीं तक्त्यांच्या अदृश्य खणांत मजकूर कोंबला. वाचणाऱ्यानें अक्षर मोठें केलें कीं सारी रचना विस्कटे. २००० सालीं जॉन ऑलसॉप ह्यांनीं एका निबंधांत हा हट्ट सोडण्याचा सल्ला दिला. पानाचा लवचिकपणा हा दोष नसून गुण आहे, असें त्यांचें सांगणें होतें. २०१० सालीं ईथन मार्कोट ह्यांनीं पडद्याच्या रुंदीप्रमाणें स्वतःची मांडणी बदलणाऱ्या पानाची पद्धति सांगितली व ती रूढ झाली. आज घरांतील वडील मंडळी मोबाईलवर अक्षरें मोठीं करून वर्तमानपत्र वाचूं शकतात, ती सोय मांडणीकारानें आपला हट्ट सोडला म्हणूनच मिळाली.

छपाईंतून ह्या क्षेत्रांत येणाऱ्यांनीं अक्षराची पारख, कोऱ्या जागेची जाण व क्रमाची शिस्त अवश्य बरोबर आणावी. त्यांचें मोल पडद्यावर कमी होत नाहीं. अखेरचा शब्द मात्र वाचणाऱ्याच्या स्वाधीन करावा. कूपरबाईंच्या १९७२ च्या भव्य ग्रंथापेक्षां त्यांचें १९९४ चें अपुरें राहिलेलें काम आम्ही श्रेष्ठ मानतों, तें ह्याच कारणासाठीं.