'डर्टी हॅरी' : मुल्जिम की मुजरिम?

उर्दूत 'मुल्जिम' आणि 'मुजरिम' हे शब्द वेगळे आहेत. ज्याच्यावर इल्जाम आहे तो मुल्जिम, ज्याचा जुर्म शाबीत झाला तो मुजरिम. मुलं निबंधात हमखास गल्लत करतात. डॉन सीगल यांचा 'डर्टी हॅरी' (१९७१) हे अंतर सुरुवातीलाच पुसून टाकतो, पण जाणूनबुजून.

सॅन फ्रान्सिस्कोत एका गच्चीवरच्या तलावात पोहणाऱ्या तरुणीला स्कॉर्पिओ दुरून गोळी घालतो, आणि आपण त्याला बंदूक रोखताना पाहतो. पुढे इन्स्पेक्टर हॅरी कॅलहनला (क्लिंट ईस्टवुड) त्याचा शोध घ्यावा लागतो. आपल्याला मात्र पुराव्याची गरजच उरत नाही. ज्याच्यावरून स्कॉर्पिओ बेतला, त्या 'झोडिॲक' खुन्यावर प्रत्यक्षात कधी खटलाच उभा राहिला नाही, हे इथे आठवते.

केझार स्टेडियममधले दृश्य या चित्रपटाचा गाभा आहे. वॉरंटशिवाय खोलीची झडती घेऊन हॅरी मैदानात पळणाऱ्या स्कॉर्पिओच्या पायावर गोळी झाडतो. मग त्याच जखमेवर बूट दाबून, जिवंत पुरलेल्या मुलीचा ठिकाणा विचारतो. तो वकील मागत किंचाळतो. कॅमेरा मागे, वर, पार धुक्यात निघून जातो. काही जण याला दिग्दर्शकाचा संकोच म्हणतील. मला ती प्रेक्षकाला दिलेली सवलत वाटते : बूट चालू द्या, तुम्ही बघू नका. सुरुवातीचा प्रसंग न पाहता हेच दृश्य बघा. पोलिसाच्या बुटाखाली विव्हळणारा एक मुल्जिम, एवढेच उरते.

एवढे करून मुलगी मेलेलीच सापडते. सरकारी वकील १९६६ च्या मिरांडा निकालाचा दाखला देतो. झडतीत मिळालेली बंदूक पुरावा म्हणून चालत नाही, स्कॉर्पिओ सुटतो आणि सभागृहात कायद्यावरच राग धुमसतो. पॉलीन केल यांनी तेव्हाच या चित्रपटात फॅसिस्ट वृत्ती पाहिली होती. त्यांचा शब्द कडक आहे, पण पुढचा डाव पाहता अन्यायाचा वाटत नाही. सुटलेला स्कॉर्पिओ पैसे देऊन स्वतःला मारून घेतो आणि आळ हॅरीवर घालतो. म्हणजे पोलिसी मारहाणीची ही बोंब खोटी निघते आणि स्टेडियममधली खरी मारहाण मागे पडते. चलाखी मानलीच पाहिजे.

शेवटी स्कॉर्पिओला ठार करून हॅरी आपला बिल्ला पाण्यात भिरकावतो. 'मॅग्नम फोर्स' (१९७३) मध्ये तो पुन्हा नोकरीवर हजर!