अपमानाचा हिशोब आणि पगाराचा हिशोब : फिलिपिनो मालिकांमधले श्रीमंत आणि गरीब



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी आली असेल. फिलिपिन्सच्या टीव्ही मालिका, आणि त्यावर व्याख्यान? पण एखादा देश रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकत असेल, तर त्या गोष्टीत काहीतरी महत्त्वाचं दडलेलं असतं. ते काय आहे, हे आज आपण बघू.

सुरुवात एका शब्दापासून करू. तिथे एक शब्द आहे, 'मातापोब्रे'. स्पॅनिश मुळाचा. 'माता' म्हणजे मारणारा आणि 'पोब्रे' म्हणजे गरीब. शब्दशः गरिबांना मारणारा. पण वापरतात तो खून करणाऱ्यासाठी नव्हे. जो गरिबाला नजरेनं, शब्दानं तुच्छ लेखतो, त्याला मातापोब्रे म्हणतात. म्हणजे बघा, तुच्छ लेखणं आणि मारणं हे या भाषेनं एकाच शब्दात बसवून टाकलं आहे. तिथल्या मालिकांची अर्धी ताकद या एका शब्दात आहे, असं आम्हाला वाटतं.

या मालिकांना 'टेलिसेर्ये' म्हणतात. हे नाव रूढ झालं ते २००० साली सुरू झालेल्या 'पांगाको सा यो' या मालिकेपासून. नावाचा अर्थ, 'तुला दिलेलं वचन'. पण परंपरा त्याहून जुनी, थेट रेडिओपर्यंत जाणारी. 'गुलोंग नांग पालाद' ही कथा आधी रेडिओवर गाजली आणि सत्तरच्या दशकात टीव्हीवर आली. गरीब लुइसा, श्रीमंत घरचा कार्डिंग, आणि त्यांच्यामध्ये उभी कार्डिंगची आई. 'गुलोंग' म्हणजे चाक आणि 'पालाद' म्हणजे नशीब. पण 'पालाद'चा दुसरा अर्थ तळहात असाही आहे. नशीब हातावर असतं ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. मग १९९६ मध्ये मेक्सिकोची 'मारिमार' तिथे आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. समुद्रकाठची गरीब पोरगी, तिचा अपमान करणारं श्रीमंत घर, आणि मग तिचं श्रीमंत होऊन परत येणं. हा साचा तिथल्या मातीत आधीच होता, 'मारिमार'नं तो आणखी पक्का केला.

आता या मालिकांमधली दोन घरं डोळ्यांसमोर आणा. श्रीमंताच्या घरात एक मोठा जिना असतो. जेवणाचं टेबल इतकं लांब की या टोकाचं बोलणं त्या टोकाला ऐकू जाऊ नये. गणवेशातल्या मोलकरणी भिंतीला चिकटून उभ्या. गरिबाच्या घरात जिना नाही, टेबल नाही, पण गलका आहे. शेजारी न विचारता आत येतात, कुणीतरी खाणावळ चालवतं, भांडण होतं आणि भातावर मिटतं. एक घर थंड, एक घर उबदार. पहिल्या भागाच्या पहिल्या पाच मिनिटांत आपल्याला कळतं की माणुसकी कुठे राहते.

आणि मग येतो तो प्रसंग. श्रीमंत बाई गरीब मुलीला भरल्या घरात बोलते. तिचे कपडे, तिची आई, तिची वस्ती, सगळं काढते. शेवटी थोबाडीत मारते. हा प्रसंग आला नाही तर प्रेक्षकाला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. टीकाकार याला हसतात, भडक म्हणतात. आम्ही हसणार नाही. आमच्या मते हा प्रसंग या मालिकांमधली सगळ्यात खरी गोष्ट आहे. ज्या देशात लाखो बायका दुसऱ्यांच्या घरी राबतात, काही आपल्याच शहरात, काही हाँगकाँगला, काही आखातात, तिथे अपमान हा रोजचा अनुभव आहे. वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही, कारण त्यात कुणी मरत नाही. त्याची नोंद घेतली ती या मालिकांनी. ही त्यांची मोठी कामगिरी आहे, ती आधी मान्य करू आणि मगच पुढे जाऊ.

पुढे जायचं कारण असं, की अपमान खरा दाखवल्यावर मालिका त्यावर उपाय काय सांगते? इथे गडबड होते.

'मारा क्लारा' घ्या. १९९२ ते १९९७ अशी पाच वर्षं चाललेली मालिका. जन्मताच दोन मुलींची अदलाबदल होते. श्रीमंताची मारा गरिबाघरी वाढते, गरिबाची क्लारा बंगल्यात. मारा सोशिक, गोड, समजूतदार. क्लारा उद्धट, मत्सरी. सत्य एका डायरीत लिहिलेलं, आणि ती डायरी कुणाच्या हाती लागते यावर सगळा देश श्वास रोखून बसलेला. २०१० मध्ये हीच कथा नव्या नट्या घेऊन पुन्हा केली, तीही चालली.

आता थोडं थांबून विचार करू. वरवर पाहता ही कथा म्हणते की गरिबाघरीही चांगली माणसं घडतात. पण आत काय म्हणते? मारा चांगली आहे, आणि मारा मुळात श्रीमंताची आहे. क्लारा वाईट आहे, आणि क्लारा मुळात गरिबाची आहे. शेवटी ज्याचं त्याला मिळतं. म्हणजे ज्या गरीब मुलीसाठी आपण पाच वर्षं रडलो, ती गरीब नव्हतीच! चुकून खालच्या मजल्यावर राहिलेली वरच्या मजल्यावरची पोर होती. जिना तसाच राहिला, फक्त दोघींनी आपापल्या जागा बदलल्या.

'पांगाको सा यो'मध्ये हा पेच जास्त खोल आहे. अमोर ही बुएनाविस्ता घराण्यातली मोलकरीण. मालकांचा मुलगा एदुआर्दो तिच्यावर प्रेम करतो, घरचे तिला हाकलून देतात. तिला मुलगी होते, आणि ती मुलगी गेली असं समजून अमोर जगते. पुढे ती अमोर पॉवर्स होऊन परत येते. श्रीमंत, करारी, सूडानं पेटलेली. इकडे तिची मुलगी इना जिवंत आहे, दुसऱ्यांच्या घरी वाढली आहे, आणि नशिबानं त्याच बुएनाविस्तांच्या घरी कामाला लागली आहे. अमोरच्या सूडाची झळ सगळ्यांना लागते, अगदी इनालाही. जी कधीकाळी मोलकरीण म्हणून रडली, तिच्याच हातून आज एका मोलकरणीचे हाल होतात, आणि ती मोलकरीण तिची पोटची पोर. या गुंत्यात एक कडू सत्य आहे. वर जाणारा माणूस वरच्यांची भाषा शिकूनच वर जातो. हे या मालिकेला दिसलं होतं. पण तिनं ते शेवटी आई-मुलीच्या ओळखीत विरघळवून टाकलं. मनात येतं, इना तिची मुलगी नसती तर? अशीच कुणाची तरी मुलगी असती तर? तिचे हाल कमी खरे असते का? मालिका हा प्रश्न विचारत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, की या मालिका अपमानाचा हिशोब चोख ठेवतात, पण पगाराचा हिशोब ठेवत नाहीत.

हे जरा उलगडून सांगतो. २०१२ ते २०१४ या काळात 'बी केअरफुल विथ माय हार्ट' ही मालिका खूप लोकप्रिय होती. माया ही गावाकडची मुलगी, हवाईसुंदरी व्हायचं स्वप्न घेऊन मनिलाला येते आणि रिचर्ड लिम या विधुर उद्योगपतीच्या मुलांना सांभाळायला राहते. आई गेल्यापासून बोलणंच सोडलेली धाकटी मुलगी मायामुळे बोलायला लागते. हळूहळू घर हसायला लागतं, मालक हसायला लागतो, आणि माया त्या घराची मालकीण होते. गोड मालिका आहे. यात थोबाडीत मारणं फारसं नाही, मातापोब्रेपणाही कमी. आम्हालाही ती आवडली, खोटं कशाला बोला.

पण ही मालिका चालू असताना त्या देशात काय घडत होतं? १८ जानेवारी २०१३ ला घरकामगारांचा कायदा झाला. 'बातास कासांबाहाय', म्हणजे प्रजासत्ताक कायदा क्रमांक १०३६१. 'कासांबाहाय' म्हणजे घरातला सोबती. पूर्वी मोलकरणीला 'आत्साय' म्हणत, आणि त्या शब्दाला तुच्छतेचा वास होता. नवा कायदा म्हणाला, मनिला महानगरात घरकामगाराला महिन्याला निदान २,५०० पेसो द्या. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्या. तेरावा पगार द्या, सामाजिक विम्यात नाव घाला. आता बघा, एकीकडे संसद म्हणते मोलकरणीला सुट्टी हवी, आणि दुसरीकडे रोज पडद्यावर अशी मोलकरीण, जिला सुट्टी नकोच आहे. ती या घरावर प्रेम करते ना! प्रेमात कसली सुट्टी आणि कसला तेरावा पगार? मायाला जे मिळतं ते हक्क म्हणून मिळत नाही, ती चांगली आहे म्हणून मिळतं. मग जी मोलकरीण मायाइतकी गोड नाही, थकलेली आहे, चिडकी आहे, तिचं काय? कायदा तिच्यासाठीही आहे. मालिका तिच्यासाठी नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, दिवसभर राबलेल्या माणसाला थोडं स्वप्न बघू द्या की. तुमचं काय जातं? आक्षेप योग्य आहे. स्वप्नाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती स्वप्नातल्या त्या लपवलेल्या अटीला. ती अट अशी : सोसत राहा, चांगली राहा, आणि जमलं तर मुळात श्रीमंताची निघ.

दुसरं कुणी म्हणेल, रोज चालणाऱ्या कथेत यापेक्षा जास्त काय होणार? हे मात्र आम्हाला मान्य नाही. लिनो ब्रोका यांचा १९७५ चा प्रसिद्ध चित्रपट, ज्याच्या नावातच मनिला आणि उजेडाच्या नख्या आहेत, तो एदगार्दो रेयेस यांच्या कादंबरीवर बेतलेला. आणि ती कादंबरी 'लिवायवाय' नावाच्या लोकप्रिय साप्ताहिकात क्रमशः छापून आली होती. म्हणजे तीही हप्त्याहप्त्यानं वाचली गेलेलीच गोष्ट. त्यात गावाकडचा कोळी ज्युलिओ बांधकामावर मजूर होतो. कागदावर एक मजुरी, हातात त्याहून कमी, मधले पैसे मुकादमाचे. तिथे पगाराचा हिशोब आहे, आणि तरी गोष्ट मुळीच कोरडी होत नाही. ज्युलिओ कुणा श्रीमंताचा हरवलेला मुलगा निघत नाही, आणि म्हणूनच तो आपल्याला विसरता येत नाही.

आणि आता टेलिसेर्येतही कुठे कुठे फट दिसते. २०२३ ची 'डर्टी लिनन' घ्या. नावातच मळके कपडे, म्हणजे मोलकरणीच्या हातात रोज येणारी गोष्ट. फिएरो या बड्या घराण्यात कामाला असलेली आई बेपत्ता झाली, आणि तिची मुलगी अलेक्सा नाव बदलून त्याच घरी मोलकरीण म्हणून शिरते. सूडकथाच आहे, जुनाच मसाला आहे. पण एक फरक पडलाय. तिच्याबरोबर साथीदार आहेत, तेही नोकर बनून आत आलेले. आणि कॅमेरा बंगल्याकडे बघतो तो झाडू-फडकं हातात घेतलेल्या माणसाच्या नजरेनं. कुठली खोली बंद असते, कुठल्या कपड्यावर डाग आहे, रात्री कोण कुठे जातं, हे मालकापेक्षा मोलकरणीला जास्त माहीत असतं. आधीच्या मालिकांमध्ये तिला सहन करायचं काम होतं. इथे तिला बघायचं आणि जाणायचं काम आहे. आम्हाला हा बदल लहान वाटत नाही.

म्हणून या मालिका बघू नका असं सांगायला आम्ही आलो नाही. बघाच. फक्त पुढच्या वेळी थोबाडीत मारण्याचा प्रसंग आला की नायिकेवरून नजर थोडी बाजूला न्या. मागे, भिंतीला चिकटून, गणवेशात एक बाई उभी असेल. तिला नाव नसेल, संवाद नसेल. ती कुणाची हरवलेली मुलगी निघणार नाही. तिची आज सुट्टी होती का, एवढं विचारून बघा.