फोटोवरून काढलं, म्हणून नक्कल?

राजा रविवर्मा फोटोंचा आधार घेत, म्हणून त्यांची चित्रं नक्कल, कला नव्हे, असं आपल्या बडोद्यातही बोललं जातं. या युक्तिवादात दोन गृहीतकं गुपचूप बसली आहेत.

एक, फोटो आपोआप निघतो. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड कुठून घ्यायचा, हे माणूसच ठरवतो ना?

दुसरं, फोटो घेतला की चित्रकाराला ठरवायला काही उरत नाही. सयाजीरावांनी १८८८ मध्ये सांगितलेली १४ पौराणिक चित्रं घ्या. समोर बसवलेल्या बाईचा फोटो निघेल. दमयंतीचा कसा निघणार? फोटो तेव्हा एकरंगी. मग लुगड्याचा रंग आला कुठून?

चित्रं आवडली नाहीत तर खुशाल म्हणा. कारण मात्र दुसरं शोधावं लागेल.