'डाय हार्ड': कॅसेटवरचा आणि तबकडीवरचा

महाविद्यालयीन चर्चासत्रांतून चित्रपटाचा विषय निघतो तेव्हा राय, घटक, कुरोसावा, बर्गमन ही नावे आदराने घेतली जातात. मारधाडपटाचे नाव काढले की मात्र सभागृहात स्मित उमटते. अशा चित्रपटात पाहण्यासारखे जे काही असते ते पहिल्याच वेळी पाहून संपते, असे गृहीतक या स्मितामागे आहे. जॉन मॅक्टिअरनन दिग्दर्शित 'डाय हार्ड' (१९८८) या चित्रपटाच्या घरगुती पुनर्दर्शनाच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानक बहुतेकांस परिचित असेल. न्यू यॉर्कचा पोलीस अधिकारी जॉन मॅक्लेन (ब्रूस विलिस) नाताळच्या पूर्वसंध्येस दुरावलेल्या पत्नीला, हॉलीला, भेटण्यासाठी लॉस एंजेलिसला येतो. नाकाटोमी या जपानी कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर आहे. हान्स ग्रुबर (ॲलन रिकमन) आणि त्याची टोळी कंपनीची गगनचुंबी इमारत ताब्यात घेते. मॅक्लेन अनवाणीच निसटतो आणि त्याच इमारतीत राहून एकाकी झुंज देतो.

प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट प्रथम पाहिला तो शाळकरी वयात, भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. तेव्हा मनात राहिला तो केवळ विलिसचा घामाने व रक्ताने माखलेला चेहरा. पुढे तबकडीवर हाच चित्रपट मूळच्या रुंद चौकटीत पाहिला आणि आपण पूर्वी पाहिला तो चित्रपट हा नव्हेच, असे वाटले. यामागचे कारण तांत्रिक असले तरी त्याचा परिणाम आशयावर होतो. छायालेखक यान द बाँट यांनी हा चित्रपट २.३५:१ या प्रमाणात चित्रित केला. दूरचित्रवाणीच्या ४:३ पडद्यावर तो पूर्ण भरावा म्हणून कॅसेटसाठी चौकटीच्या बाजू छाटल्या जात. 'पॅन अँड स्कॅन' नावाच्या या पद्धतीत रुंदीचा दोन पंचमांशांहून अधिक भाग नाहीसा होतो. उरलेल्या भागात कोणाला ठेवायचे हे दिग्दर्शक ठरवीत नाही, आणि ठरविणारा स्वाभाविकपणे बोलणाऱ्याचा चेहरा निवडतो. चेहरा राहतो, खोली जाते.

'डाय हार्ड'मध्ये खोलीच महत्त्वाची आहे. नाकाटोमी म्हणून दिसणारी वास्तू म्हणजे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचीच, १९८७ मध्ये उभी राहिलेली फॉक्स प्लाझा. तिचे काही मजले चित्रीकरणाच्या वेळी अपूर्ण होते व ते तसेच वापरले गेले. लिफ्टचे उभे बोगदे, वातानुकूलनाच्या नळ्या, यंत्रखोल्या, अर्धवट भिंती यांतून मॅक्लेन वावरतो. कार्यालयीन इमारतीची ही मागची बाजू एरवी केवळ तिथल्या कामगारांनाच ठाऊक असते. एका अपूर्ण मजल्यावर भिंतीला चिकटवलेले स्त्रीचे छायाचित्र त्याला पळताना दिसते. पुन्हा तिथे आल्यावर तो ते ओळखतो आणि त्याच्याबरोबर आपणही तो मजला ओळखतो. रुंद चौकटीत नायक बहुधा एका कडेला असतो, उरलेली जागा इमारतीची असते. तो त्या जागेचा स्वामी नसून तिच्यात अडकलेला माणूस आहे. त्या दशकातील स्टॅलोन वा श्वार्झनेगर यांच्या पिळदार नायकांहून तो वेगळा भासतो यामागे विलिसच्या विनोदी अभिनयशैलीइतकेच या चौकटीचेही श्रेय आहे, असे म्हणावेसे वाटते. ग्रुबर काचांवर गोळ्या झाडावयास सांगतो आणि मॅक्लेनला त्या काचांवरून अनवाणी जावे लागते, या प्रसंगात तर इमारतच त्याच्या तळव्यांत शिरते.

मूळ कादंबरी रॉडरिक थॉर्प यांची 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर' (१९७९). तीत कंपनी अमेरिकी आहे व तेलाचा व्यवहार करणारी आहे. चित्रपटाने ती जपानी केली, कारण जपानी भांडवलाची धास्ती हा ऐंशीच्या दशकातील अमेरिकेचा आवडता विषय होता. कंपनीचा प्रमुख ताकागी थट्टेने म्हणतो की, पर्ल हार्बरने जे साधले नाही ते आम्ही टेपरेकॉर्डरने साधले. (हे वाक्य आपण ज्या यंत्रावर ऐकले ती व्हीएचएस पद्धतीही १९७६ साली जपानच्या जेव्हीसीने बाजारात आणलेली होती, ही गंमत तेव्हा लक्षात आली नव्हती.) ग्रुबरचे राजकारणही असेच बाजारू आहे. जगभरातील बंदिवानांच्या सुटकेची मागणी करताना तो श्रीलंकेतील एका संघटनेचे नाव घेतो आणि ते आपण एका साप्ताहिकात वाचल्याचे सहकाऱ्याला सांगतो. त्याला हवे आहेत ते तिजोरीतील ६४ कोटी डॉलरचे रोखे.

येथवर पुनर्दर्शनाने चित्रपटाची प्रतिष्ठा वाढविली. तथापि थांबवून, मागे नेऊन पाहण्याची सोय हातात आली की अडचणीही दिसू लागतात. आरंभी हॉलीच्या कर्तृत्वाबद्दल कंपनीने दिलेल्या घड्याळाचे कौतुक होते. शेवटी खिडकीबाहेर लोंबकळणारा ग्रुबर तिच्या मनगटाला धरून असतो आणि मॅक्लेन त्याच घड्याळाची कडी सोडवून त्याला खाली पाडतो. कादंबरीत नायकाची मुलगी ग्रुबरबरोबर कोसळून मरते. चित्रपटात स्त्री वाचते, पण तिच्या नोकरीचे चिन्ह गळून पडते. त्यानंतर ती पतीचे आडनावही पुन्हा स्वीकारते. ही रचना इतकी सफाईदार आहे की प्रथमदर्शनी ती केवळ सुटका वाटते.

याहून गंभीर बाब सार्जंट अल पॉवेलची आहे. रेजिनाल्ड व्हेलजॉन्सन यांनी ही भूमिका अत्यंत जिव्हाळ्याने केली आहे आणि मॅक्लेनचे बिनतारी यंत्रावरील त्याच्याशी चालणारे संभाषण हा चित्रपटाचा सर्वांत मानवी भाग होय. अंधारात खेळण्यातली बंदूक खरी समजून आपण एका तेरा वर्षांच्या मुलावर गोळी झाडली, तेव्हापासून कोणावरही शस्त्र उगारता आले नाही, असे तो सांगतो. त्याचे हे थांबणे ही चित्रपटातील एकमेव नैतिक प्रतिक्रिया आहे. चित्रपट मात्र तिला आजार समजतो. अखेरीस मेला असे वाटलेला कार्ल बंदूक घेऊन उठतो, पॉवेल त्याला गोळ्या घालतो आणि संगीत उंचावते, जणू रुग्ण बरा झाला. ते संगीतही मायकेल कामेन यांचे नव्हे. जेम्स हॉर्नर यांनी 'एलियन्स'साठी (१९८६) रचलेले व तिथे न वापरलेले आहे. कॅसेटवर हा प्रसंग पाहताना आम्ही टाळ्या वाजविल्या होत्या. आता तो पुन्हा पाहताना कार्ल पडल्यावर चित्र थांबविले आणि पॉवेलची ती कबुली मागे जाऊन पुन्हा ऐकली. त्या मुलाचे नाव तो सांगत नाही, आणि मॅक्लेनही विचारीत नाही.