‘आत्मकथा’ : कल्पिताचे कवच

दोघांनी जगलेल्या गुप्त भूतकाळावर एकाने लेखनाचा हक्क सांगितला, तर दुसऱ्यापाशी काय उरते? महेश एलकुंचवार यांच्या ‘आत्मकथा’ (1988) या नाटकाचा गाभा या प्रश्नात आहे. वृद्ध, कीर्तिमान लेखक अनंतराव राजाध्यक्ष प्रज्ञा या तरुण अभ्यासिकेच्या साहाय्याने आत्मचरित्र सिद्ध करीत आहेत. पत्नी उत्तरा दुरावली आहे. तिची धाकटी बहीण वासंती हिच्याशी एकेकाळी त्यांचे प्रेमसंबंध होते. या संबंधांना त्यांनी पूर्वीच कादंबरीचे रूप दिलेले आहे.

सत्य सापेक्ष असते, हा या नाटकातून सहज निघणारा निष्कर्ष. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण सत्याच्या सर्व आवृत्त्या समान बळाच्या नसतात. कादंबरीला छापील शब्दाची प्रतिष्ठा आणि वाचक असतात. उत्तरा व वासंती यांच्यापाशी केवळ स्मृती आहे. शिवाय कल्पिताचे कवच एकट्या लेखकाला लाभते. ‘पात्रे काल्पनिक आहेत’ असे तो म्हणू शकतो. जिच्यावरून पात्र बेतले, तिने मात्र विपर्यासाला हरकत घेतली की मूळ घटनेची कबुली आपोआप दिली जाते. ती गप्प राहिली तर कादंबरीतील आवृत्तीच खरी ठरते. पूर्वीच्या प्रियकराच्या लेखनाचा धाक या कोंडीत आहे. रहस्यभेद हा त्याचा केवळ एक भाग.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मध्ये प्रा. दामले रंगमंचावर येतच नाहीत. लीला बेणारेचा भूतकाळ इतरांच्या तोंडून उघडा पडतो. दामले गैरहजर राहून सुटतात, राजाध्यक्ष लिहून. याउलट मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (1984) हे आत्मकथन नावानिशी बोलते. त्यामुळे त्याचा प्रतिवाद शक्य होतो, आणि लेखिका स्वतःलाही उघडे करते.

एलकुंचवार कादंबरीच्या निवेदनाची मक्तेदारी रंगमंचावर मोडतात. लिहिल्या गेलेल्या स्त्रिया तेथे देहानिशी उभ्या राहून आपली आठवण मांडतात. निवाडा मात्र होत नाही. प्रज्ञेच्या जिज्ञासेत समीक्षकाची जिज्ञासाही ओळखता येते. ‘ही नायिका प्रत्यक्षात कोण?’ एवढाच शोध घेणारी चरित्रलक्ष्यी समीक्षा लेखकाने अर्धवट ठेवलेला रहस्यभेद पूर्ण करते. तिने विचारायला हवे ते हे, की दोघांच्या आयुष्यातून एकाची संहिता कशी घडली, आणि तीत कोणाच्या शब्दाला जागा मिळाली नाही.